उसनी फुंक

काच लाल होऊन ओघळायच्या बेतात आली, तशी उस्तादनं दातांत धरलेली तोटी जिभेनं उजवीकडून डावीकडे सरकवली आणि फुंक घातली. फुंक अर्धीच गेली. ज्योतीतला फुगा एका अंगानं फुगला, दुसऱ्या अंगानं बसला आणि बटाट्यासारखा दिसू लागला. तिनं तो बाहेर काढला, चूक त्याचीच असल्यासारखं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पायाजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकून दिला.

दाराजवळच्या स्टुलावर बाबा पेपर वाचत होते. खळ्ळकन आवाज झाला तसं त्यांनी पान उलटलं. मान वर केली नाही.

उस्ताद हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. चार-पाच वर्षांची असताना बाबांच्या मांडीवर बसून तिनं पहिला फुगा फुंकला, तेव्हा बाबा "वा, उस्ताद!" म्हणाले, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता तिशी ओलांडल्यावर ते तिला शोभूनही दिसायचं. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवण्यात तिचा हात धरणारं त्या शहरात कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

काम असं, की काचेची नळी दोन्ही हातांनी ज्योतीत सारखी फिरवत राहायची. हात मोकळे नसतात, म्हणून काचेला एक लांब रबरी नळी जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक कारागिराच्या दातांत. त्या टोकाला बोटभर लाकडी तोटी. काच मऊ झाली की तिथून फुंक घालायची. किती आणि नेमकी कधी, हे शिकण्यात वर्षं जातात. तोटी ज्याची त्याची. दुसऱ्याचा दातांचा ब्रश कुणी वापरत नाही, तशी दुसऱ्याची तोटीही कुणी तोंडात धरत नाही.

बाबांची तोटी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. हात कापायला लागले त्या वर्षी त्यांनी ती स्वतः धुतली, पुसली, टांगली आणि दुसऱ्या दिवसापासून दाराजवळच्या स्टुलावर बसायला लागले. कापऱ्या हातांत काच एकसारखी फिरत नाही, त्याला इलाज नाही. तेव्हापासून त्यांनी लेकीला एका शब्दानं सल्ला दिला नव्हता. तो न देण्याचे त्यांना किती कष्ट पडतात, ते पेपरचं पान किती जोरात उलटतंय त्यावरून कळायचं.

"ही ऑर्डर पोचली की मी यायचं बंद करीन म्हणतो," ते आत्ता पेपरामागून म्हणाले. "हा कोपरा मोकळा होईल. तुला घ्यायचंय ते नवं मशीन इथं बसेल."

उस्तादनं नुकतीच दुसरी नळी ज्योतीत धरली होती. तोंडात तोटी असली की बोलता येत नाही. त्या घरातली निम्मी भांडणं याच कारणानं टळली होती आणि निम्मी बोलणीही. तिच्या मनात एकामागून एक उत्तरं आली. पण नळी पुरी होऊन तोंड मोकळं होईपर्यंत बाबा कप विसळायला मागच्या मोरीवर गेले होते, आणि परत आले तेव्हा उत्तर द्यायची वेळ टळून गेली होती.

खरं तर तिला ते तिथं हवे होते. मशीन खड्ड्यात गेलं तरी चाललं असतं. सकाळी कुलूप उघडल्यावर दाराजवळ तो पेपर उलटला गेला नाही, तर तिचा हात कामाला लागायचा नाही. पण हे सांगायचं कसं? तुम्ही नुसते बसा, असं एका जुन्या कारागिराला म्हणायचं म्हणजे त्याचा अपमानच. बसायला बागेत बाकं आहेत, असं ते लगेच म्हणाले असते.

तेवढ्यात बाबांनी तिची तोटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. हात कापत होता, नजर मात्र तोटीवरून हलली नाही.

"उजवीकडची दाढ का?"

"कसली दाढ?"

"ही बघ. इतकी वर्षं उजव्या बाजूनं चावतेस, तिथं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. हे डावीकडचे ठसे नवे आहेत." त्यांनी तोटी खाली ठेवली. "आणि ऊन पाणी प्यायचं टाळतेयस."

"दोन दिवसांत बरी होईल," उस्ताद म्हणाली. "आईनं लवंग दिलीय."

बाबांनी पेपर उचलला. पान जोरात उलटलं.

दोन दिवसांत दाढ बरी झाली नाही. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, कानात सणक मारायला लागली आणि सकाळी कामाला बसल्यावर तोटी दातांत जाईना. जबडा धड बोटभरही उघडत नव्हता. तिनं तोटी तिरकी करून बघितली, आडवी करून बघितली. शेवटी टेबलावर आपटली आणि बर्नर बंद केला. समोर फडक्यावर दोन कंडेन्सर, वाफ गार करायची काचेची उपकरणं, तयार होते. ऑर्डर सहांची होती. काचेच्या बाहेरच्या नळकांड्यात काचेचंच वेटोळं बसवायचं आणि दोन्ही टोकांना असं जोडायचं, की जोड कुठं आहे ते बोटालाही कळू नये. असलं नाजूक काम मोठ्या कारखान्यात यंत्रावर होत नाही, म्हणून ती संशोधन संस्था तिच्याकडे यायची. तारीख मात्र त्यांनी दगडावरची रेघ म्हणून सांगितली होती. हुकली तर पुढच्या वेळी ते दुसरं दार बघणार, हे त्यांनी गोड शब्दांत पण सांगितलंच होतं.

दातांचा डॉक्टर तरुण होता, आणि पेशंटचं तोंड भरलेलं असतानाच प्रश्न विचारायची त्याला सवय होती. हिरडीखाली साफ करताकरता त्यानं मुलं किती, काम कुठं, सुट्टीत कुठं जाता, सगळं विचारून घेतलं. उस्तादनं सगळ्याला एकच उत्तर दिलं, "आँ." मग त्यानं एक्स-रे उजेडावर लावला.

"बाकीच्या बघा, कशा सरळ उभ्या आहेत. ही एकटी आडवी झोपलीय, पुढचीला डोकं टेकून. उजवीकडची खालची अक्कलदाढ. हिला बाहेर यायला जागाच नाही. वर हिरडीची झापड राहिलीय, तिच्याखाली अन्न जातं, अडकतं, कुजतं. मग सूज."

"पण कान का दुखतो?"

"शीर तीच. एका दाराची घंटा दाबली आणि शेजारच्याही घरात वाजली, तसं. कानाला काही झालेलं नाही."

"आणि तोंड उघडत नाही ते?"

"सूज चावायच्या स्नायूपर्यंत पोचलीय, तो आखडलाय. गोळ्या देतो, त्या पुऱ्या घ्यायच्या. दुखायचं थांबलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. कोमट मिठाच्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा चुळा. दुखण्याची गोळी जेवल्यावर, उपाशीपोटी नाही. आणि ती गोळी हिरडीवर दाबून धरायची नाही, लोक धरतात आणि हिरडी भाजून घेतात."

"लवंग?"

"लवंग धरा थोडा वेळ, बरं वाटतं. तिचं तेल चोपडू नका. सूज उतरली की दाढ काढू."

"गोळ्यांवर महिनाभर काढता येईल?" उस्तादनं विचारलं. भाजीवालीशी घासाघीस करावी, तसा तिचा स्वर होता.

"दुखणं झोपेल. दाढ आहे तिथंच राहील. ही काय पहिली वेळ नाही ना?"

पहिली नव्हती. दरवेळी काम होतं, दरवेळी चार दिवसांत उतरलं होतं आणि दरवेळी तिनं स्वतःची पाठ थोपटली होती.

"बरं, काढा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कामाला बसेन."

"काम काय म्हणालात?"

"काच फुंकायचं."

डॉक्टरचा हात थांबला. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"मग नीट ऐका. दाढ काढली की खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. ती म्हणजे जखमेवरचं झाकण. जोरात थुंकलं, स्ट्रॉनं ओढलं, फुंकलं, की झाकण निघून येतं आणि खाली हाड उघडं पडतं. मग जे दुखतं ना, त्याच्यापुढे आत्ताचं काहीच नाही. मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही. वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा नाही."

"डॉक्टर, मी फुंकते तेव्हा माझ्या घरी चूल पेटते."

"मग काही दिवस कुणाची तरी फुंक उसनी घ्या," डॉक्टर हसत म्हणाला. त्याला वाटलं आपण विनोद केला.

घरी आईनं आधी लवंगेची चौकशी केली.

"धरली होतीस ना नीट?"

"धरली होती."

"मग?"

"मग दाढ काढायची ठरली."

आईनं, अशी कशी लवंग, असा चेहरा केला आणि सुपाचं भांडं पुढे ढकललं. उस्तादनं सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळे भरून आले, ते दुखण्यामुळे असं तिनं ठरवून टाकलं. चार कंडेन्सर बाकी, तारीख तोंडावर. हात धडधाकट, आणि ऐन वेळेला घात केला तो तोंडानं.

बाबा जेवत होते. चमचा कापतो म्हणून ते ताटावर वाकून जेवायचे. जेवण झालं, पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"हात चालतात ना तुझे?" त्यांनी विचारलं.

"हातांना काय झालंय?"

"मग झालं तर. माझ्या छातीला काय झालंय?"

उस्तादनं त्यांच्याकडे पाहिलं. ते आईकडे पाहत होते आणि आणखी थोडं सूप मागत होते.

सूज उतरल्यावर दाढ निघाली. जबडा बधिर होता, दुखलं नाही, फक्त आत कुठेतरी सुतारकाम चालल्यासारखं वाटलं. आडवी दाढ अखंड निघेना, म्हणून डॉक्टरनं तिचे दोन तुकडे केले. उस्तादला ते पटलं. अवघड जागी अडकलेली काच तीही अशीच काढायची. मग टाके घालून घेऊन, कापसाची घडी दातांत दाबून ती घरी आली. त्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, खायला गार दूध आणि कुस्करलेलं केळं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, तेही खळखळून नाही. नुसतं तोंडात घोळवायचं आणि मान वाकवून सोडून द्यायचं. तिनं सगळं शहाण्यासारखं केलं, आणि आई आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगत राहिली.

गोळ्यांची गुंगी गेल्यावर ती कामावर आली, तेव्हा बाबा आधीच आलेले होते. खिळ्यावरची तोटी त्यांनी गरम पाण्यात उकळून घेतली होती. तिला नवी रबरी नळी लावली होती आणि स्टूल दाराजवळून उचलून तिच्या टेबलाच्या डाव्या बाजूला आणून ठेवलं होतं. पेपर आणलाच नव्हता.

ती बसली. बर्नर पेटवला. नळकांडं आणि वेटोळं ज्योतीत धरून फिरवायला लागली. पहिला जोड. काच लाल झाली, मऊ झाली.

"आता," उस्ताद म्हणाली.

बाबांनी फुंक घातली. जोड एका जागी जाड राहिला, दुसऱ्या जागी पातळ झाला. गार झाल्यावर टक्कन तडा गेला.

"जरा आधी," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी तिनं जरा आधी सांगितलं, तर फुंकीनं भोक पडलं. तिसऱ्या वेळी तिनं मानेनं खूण केली. मान हलली तशी काच हलली. डब्यात तिसरा खळ्ळ झाला. उस्तादच्या गालात ठणका सुरू झाला आणि तिला वाटलं, संपलं, संस्थेला फोन करून सांगून टाकावं.

बाबांनी तोंडातून तोटी काढली.

"तू सांगायचं बंद कर."

"अहो, मग तुम्हाला कळणार कसं?"

"तू बघतेस, मग सांगतेस, मग मी ऐकतो, मग फुंकतो. तेवढ्यात काच गार होते. मला दिसतंय ना." ते थोडे गुरकावलेच. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. "तू हात बघ. बाकीचं माझ्याकडे."

उस्तादला राग आला. तिच्या टेबलावर तिला असं कुणी बोलत नसे. पण तोंड उघडलं की टाके ओढायचे, म्हणून ती गप्प बसली आणि नवी नळी घेतली.

तिनं काच ज्योतीत धरली. फिरवत राहिली. कडा लाल झाली, मग नारिंगी, मग ओलसर चमकायला लागली. आता, असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच काच हलकेच भरून आली. अगदी हवी तेवढी. ना कमी ना जास्त. जणू तिनंच फुंकली. तिनं जोड ज्योतीबाहेर काढला, उजेडाकडे धरला, त्यावरून हळूच बोट फिरवलं. जोड कुठं आहे ते बोटाला कळेना.

"हं," बाबा म्हणाले.

त्यापुढचे दिवस बरे गेले, दाढेचेही आणि कामाचेही. दोघं शेजारी बसत. बाबांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतवलेले असत. ते कापतच, पण फुंक कापत नसे. कधी ती हात थोडा लांब न्यायची, तर फुंक तेवढीच लांब यायची. कधी ती मुद्दाम घाई करायची, तर फुंकही घाईनं यायची, आणि मग दोघंही काच बाहेर निघेपर्यंत हसू दाबून धरायचे. संध्याकाळी चालत घरी जाताना बाबा तिच्या पुढे असत. दोन वेळा ताट भरून घेत. आई एकदा हळूच म्हणाली, "यांना काय झालंय गं? अंघोळ करताना गातात."

सहावा कंडेन्सर तडा न जाता हळूहळू गार व्हायला भट्टीत ठेवला, त्या दिवशी उस्ताद डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरनं आत आरसा घालून पाहिलं, दिवा फिरवला, हिरडी दाबून पाहिली.

"छान भरलंय. खुशाल फुंका आता."

"आणखी थोडे दिवस थांबले तर?"

"गरज नाही."

"गरज नाही हे कळलं. पण चालेल ना?"

डॉक्टरनं आरसा बाजूला ठेवला. "चालेल की," तो म्हणाला. "पण का?"

यावेळी तिच्या तोंडात काही नव्हतं, तरी तिनं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस येऊन सहाही कंडेन्सर गवतात गुंडाळून, खोक्यात भरून घेऊन गेला. नेताना त्यानं एकेकाचा जोड शोधला, त्याला सापडला नाही, आणि पुढच्या कामाचं बोलून गेला. उस्तादनं दाराशी उभं राहून गाडी वळेपर्यंत पाहिलं.

ती आत आली तेव्हा बाबा आवराआवर करत होते. स्टूल पुन्हा दाराजवळ गेलं होतं. चष्म्याचं घर, बसायची उशी, एक जुना कप, सगळं कापडी पिशवीत भरलं होतं. तोटी त्यांनी धुतली होती. यावेळी खिळ्याला टांगली नव्हती. रुमालात गुंडाळून पिशवीत वर ठेवली होती.

"चला," बाबा म्हणाले. "काम झालं. मशीनवाल्याला फोन कर, उद्याच आणून टाकेल."

उस्ताद टेबलाशी जाऊन बसली. एक नळी उचलली, खाली ठेवली. मग कोपर टेबलावर टेकून गालाला हात लावला.

"काय झालं?"

"दुखतंय अजून."

"काल डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, वेळ लागेल. किती ते सांगता येत नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "फुंकायचं तर नावच काढू नका म्हणाला. उद्या नवं काम येणार. मी एकटीनं कसं काय करायचं, मला कळत नाही."

बाबा पिशवी हातात घेऊन उभे होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहिला, आणि मग चेहऱ्याला लावलेला हात पाहिला.

हात डाव्या गालावर होता.

बाबांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, रुमाल उलगडला, तोटी काढली आणि दातांत धरली. तोंडात तोटी असली की बोलता येत नाही. पायानं स्टूल सरकवत सरकवत त्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूला आणलं आणि बसले.

उस्तादनं गालावरचा हात काढला आणि बर्नर पेटवला.